फर्डिनांड पोर्शे

फर्डिनांड पोर्शे (३ सप्टेंबर १८७५ – ३० जानेवारी १९५१) हे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात जन्मलेले आणि पुढे जर्मनीत स्थायिक झालेले मोटारगाड्यांचे अभियंते व संकल्पक होते. फोक्सवॅगन कंपनीची ‘बीटल’ ही मोटारगाडी आणि पोर्शे हे वेगवान मोटारगाड्यांचे नाव यांमुळे ते जगभर ओळखले जातात. पेट्रोलचे इंजिन आणि वीज यांची सांगड घालणारी संकरित, म्हणजेच आजच्या परिभाषेत हायब्रिड, मोटारगाडी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर प्रत्यक्ष रस्त्यावर आणणाऱ्या पहिल्या काही अभियंत्यांमध्येही त्यांची गणना होते.

पोर्शे यांच्या जीवनातील हा भाग दीर्घकाळ विस्मृतीत गेला होता. एकविसाव्या शतकात संकरित मोटारगाड्यांचा खप वाढू लागला आणि त्यांच्या उपयुक्ततेविषयी वाद सुरू झाले, तेव्हा अभ्यासकांचे लक्ष पुन्हा त्यांच्या आरंभीच्या कामाकडे वळले. वजन, किंमत आणि रचनेतील गुंतागुंत हे आजच्या वादातील मुद्दे पोर्शे यांच्या पहिल्या संकरित मोटारगाडीसमोरही उभे होते. नाझी राजवटीशी त्यांनी केलेले सहकार्य हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत वादग्रस्त भाग आहे.

जन्म आणि बालपण

पोर्शे यांचा जन्म उत्तर बोहेमियातील माफर्सडोर्फ या गावी एका जर्मन भाषक कुटुंबात झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकातील लिबेरेत्स शहराचा भाग असून त्याचे चेक नाव व्रातिस्लावित्से असे आहे. त्यांचे वडील अँटोन पोर्शे हे पत्र्याचे काम करणारे कुशल कारागीर होते व गावात त्यांची स्वतःची कार्यशाळा होती. थोरल्या भावाचा अपघाती मृत्यू झाल्यामुळे वडिलोपार्जित व्यवसाय फर्डिनांड यांनी सांभाळावा, अशी घरच्यांची अपेक्षा होती.

फर्डिनांड यांचा ओढा मात्र विजेकडे होता. त्या काळी वीज ही खेड्यापाड्यांत नवलाची गोष्ट होती. गावातील गिन्त्स्की यांच्या गालिच्यांच्या कारखान्यात विजेचे दिवे लागले होते आणि ते तंत्र पाहण्यासाठी हा मुलगा तेथे जात असे. दिवसभर वडिलांच्या हाताखाली काम आणि फावल्या वेळी विजेचे प्रयोग असा त्यांचा दिनक्रम होता. वडिलांना हा नाद पसंत नव्हता. तरीही आपल्या राहत्या घरात विजेचे दिवे बसवून फर्डिनांड यांनी आपली योग्यता सिद्ध केली. लिबेरेत्समधील तांत्रिक शाळेच्या वर्गांना ते काही काळ जात होते.

व्हिएन्नातील उमेदवारी

१८९३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, पोर्शे व्हिएन्नाला आले आणि बेला एगर यांच्या विद्युत उपकरणांच्या कंपनीत उमेदवार म्हणून रुजू झाले. अभियांत्रिकीची रीतसर पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. कामाचे तास संपल्यावर व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठात जाऊन ते व्याख्याने ऐकत असत. हाताने काम करणारा कारागीर आणि स्वतःच्या बळावर शिकणारा विद्यार्थी अशी दुहेरी घडण त्यांना येथे लाभली. थोड्याच वर्षांत ते कंपनीच्या चाचणी विभागाचे प्रमुख झाले.

एगर कंपनीचा संबंध याकोब लोनर या घोडागाड्या बांधणाऱ्या नामांकित कंपनीशी आला. या कंपनीचे चालक लुडविग लोनर यांना घोडागाड्यांचे दिवस संपत आल्याची जाणीव झाली होती. पेट्रोलच्या इंजिनाचा आवाज आणि धूर त्यांना आपल्या प्रतिष्ठित ग्राहकांसाठी योग्य वाटत नव्हता. त्यामुळे विजेवर चालणाऱ्या, शांत व धूररहित मोटारगाडीची कल्पना त्यांनी उचलून धरली. १८९८ मध्ये एगर-लोनर या नावाची विद्युत मोटारगाडी तयार झाली. तिच्या विद्युत यंत्रणेच्या घडणीत पोर्शे यांचा सहभाग होता. ही मोटारगाडी अनेक दशके एका गोदामात पडून होती. २०१४ मध्ये ती श्टुटगार्ट येथील पोर्शे संग्रहालयात ठेवण्यात आली.

चाकातील विद्युत चलित्र

यानंतर पोर्शे लोनर कंपनीतच काम करू लागले. १९०० साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात लोनर-पोर्शे ही विद्युत मोटारगाडी मांडण्यात आली. तिचे वैशिष्ट्य म्हणजे विद्युत चलित्र, म्हणजे इलेक्ट्रिक मोटर, पुढच्या प्रत्येक चाकाच्या तुंब्यात बसवलेली होती. चलित्र थेट चाकालाच फिरवीत असल्यामुळे साखळी, पट्टा, गिअर किंवा लांब दांडा यांपैकी कशाचीही गरज उरली नाही. शक्ती एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे नेताना घर्षणात होणारा नाश त्यामुळे टळला. प्रदर्शनात या रचनेची मोठी वाखाणणी झाली आणि पंचविशीतील पोर्शे यांचे नाव युरोपभर झाले.

या मोटारगाडीचे दुखणे तिच्या बॅटरीत होते. शिसे आणि आम्ल यांवर आधारलेल्या तत्कालीन बॅटऱ्या अतिशय जड असत आणि त्या मानाने त्यांत फार थोडी वीज साठे. सुमारे एक टन वजनाच्या या मोटारगाडीत चारशे किलोग्रॅमहून अधिक वजन एकट्या बॅटरीचे होते. एवढे करूनही एका भारणात ती साधारणपणे पन्नास किलोमीटरच जाऊ शके. इंग्लंडमधील एका ग्राहकाच्या मागणीवरून पोर्शे यांनी चारही चाकांत चलित्रे असलेली मोटारगाडी बनवली, तेव्हा तिच्या बॅटरीचे वजन जवळजवळ १,८०० किलोग्रॅम भरले. पल्ला वाढवायचा तर बॅटरी वाढवावी लागे. बॅटरी वाढवली की वजन वाढे, आणि वाढलेले वजन ओढण्यातच वाढीव वीज खर्च होई. विद्युत मोटारगाडीची ही कोंडी फोडण्याच्या प्रयत्नातून संकरित मोटारगाडीची कल्पना पुढे आली.

सेंपर विवुस

बॅटरी मोठी करण्याऐवजी वीज तयार करणारी यंत्रणाच मोटारगाडीत बसवावी, असा विचार पोर्शे यांनी केला. १९०० साली त्यांनी तयार केलेल्या प्रायोगिक मोटारगाडीला ‘सेंपर विवुस’ असे लॅटिन नाव देण्यात आले. त्याचा अर्थ सदैव जिवंत असा होतो. तिच्यात द दियों-बुतों कंपनीची दोन लहान पेट्रोल इंजिने होती. प्रत्येक इंजिन एका जनित्राला फिरवी, जनित्रातून निघालेली वीज चाकांतील चलित्रांना मिळे आणि उरलेली बॅटरीत साठे. इंजिनांचा चाकांशी थेट यांत्रिक संबंध नव्हता. इंजिने बंद ठेवून केवळ बॅटरीवरही काही अंतर जाता येत असे. बॅटरी पूर्वीपेक्षा लहान होऊनही पल्ला कितीतरी वाढला.

आजच्या वर्गीकरणानुसार ही ‘एकसरी’ संकरित रचना होय. इंजिन, जनित्र, चलित्र आणि चाक ही साखळी तिच्यात एकामागून एक येते. याउलट ‘समांतर’ रचनेत इंजिन आणि विद्युत चलित्र हे दोन्ही चाकांना थेट शक्ती पुरवू शकतात. बेल्जियममधील लिएज येथील उद्योजक आंरी पिपर यांनी याच सुमारास समांतर पद्धतीची मोटारगाडी विकसित केली होती. त्यामुळे संकरित मोटारगाडीचा एकमेव जनक म्हणून कोणा एकाचे नाव घेणे योग्य ठरत नाही. चाकातील चलित्र आणि इंजिनावर चालणारे जनित्र यांची जोडणी करून ती विक्रीयोग्य मोटारगाडीपर्यंत नेणे, हे पोर्शे यांचे निश्चित योगदान मानले जाते.

मिक्स्ट मोटारगाडी आणि तिच्या मर्यादा

प्रायोगिक मोटारगाडीतील अनुभवावरून १९०१ मध्ये ‘लोनर-पोर्शे मिक्स्ट’ ही सुधारित आवृत्ती सिद्ध झाली. दोन लहान इंजिनांच्या जागी तिच्यात पुढच्या बाजूस डाइमलर कंपनीचे एकच शक्तिमान, चार सिलिंडरचे इंजिन बसवण्यात आले. बॅटरी आणखी लहान करण्यात आली. डाइमलर मोटारगाड्यांचे विक्रेते एमिल येलिनेक यांनी या मोटारगाडीत रस घेतला. आपल्या मुलीच्या नावावरून ‘मर्सिडीज’ हे नाव रूढ करणारे ते हेच गृहस्थ होत. पोर्शे स्वतः ही मोटारगाडी शर्यतींत चालवीत असत. १९०२ मध्ये सैनिकी सेवेत असताना युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांच्या मोटारगाडीचे सारथ्य करण्याची संधीही त्यांना मिळाली. १९०३ मध्ये त्यांचा विवाह आलोइसिया काएस यांच्याशी झाला. त्यांना लुइझे ही कन्या व फेरी हा पुत्र झाला. १९०५ मध्ये ऑस्ट्रियातील उत्कृष्ट मोटार अभियंता म्हणून त्यांना पटिंग पारितोषिक मिळाले.

एवढी प्रसिद्धी लाभूनही मिक्स्ट मोटारगाड्या मोजक्याच विकल्या गेल्या. केवळ विजेवर चालणाऱ्या लोनर-पोर्शे गाड्यांना तिच्यापेक्षा अधिक गिऱ्हाइके मिळाली आणि व्हिएन्नाच्या अग्निशमन दलानेही विद्युत गाड्या वापरल्या. मिक्स्टमध्ये इंजिन, जनित्र, बॅटरी आणि चलित्रे असा सगळाच संसार असल्याने तिची किंमत फार होती. चाकांतील चलित्रांचे वजन रस्त्यावरील धक्के थेट सोसत असे, त्यामुळे रबरी धावा लवकर झिजत आणि दुरुस्तीचा खर्च वाढे. साधी पेट्रोल मोटारगाडी मात्र दरवर्षी स्वस्त आणि भरवशाची होत होती. अमेरिकेत १९०८ मध्ये फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ बाजारात आली. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारगाडीला विजेचा स्टार्टर बसवण्यात आला, तेव्हा हाताने हँडल मारून इंजिन सुरू करण्याचा त्रासही संपला. पेट्रोल इंजिनाचे उरलेसुरले दोष असे दूर होत गेल्यावर संकरित मोटारगाडीसाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण ग्राहकापाशी राहिले नाही.

ऑस्ट्रो-डाइमलर आणि पहिले महायुद्ध

लोनर यांना प्रयोगांचा वाढता खर्च पेलेनासा झाला. १९०६ मध्ये पोर्शे वीनर नॉइश्टाट येथील ऑस्ट्रो-डाइमलर कंपनीत तांत्रिक संचालक झाले. येथे त्यांनी प्रामुख्याने पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारगाड्या बनवल्या. १९१० च्या प्रिन्स हेन्री शर्यतीत त्यांच्या मोटारगाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक पटकावले व विजेती मोटारगाडी खुद्द पोर्शे चालवीत होते. विमानांच्या इंजिनांवरही त्यांनी काम केले.

संकरित तत्त्व मात्र त्यांनी सोडले नव्हते. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याला स्कोडा कारखान्याच्या अवजड तोफा डोंगराळ मुलखातून ओढून न्यायच्या होत्या. घोड्यांच्या किंवा एकट्या ट्रॅक्टरच्या शक्तीबाहेरचे हे काम होते. पोर्शे यांनी त्यासाठी रस्त्यावरून जाणारी आगगाडीच तयार केली. सर्वांत पुढच्या वाहनात पेट्रोलचे इंजिन व जनित्र असे आणि तारेतून मागच्या जोडगाड्यांच्या चाकांतील चलित्रांना वीज पुरवली जाई. प्रत्येक जोडगाडी स्वतःच्या चाकांनी पुढे रेटली जात असल्याने चढावरही भार ओढणे शक्य झाले. येथे वजन आणि किंमत हे दोष गौण होते, कारण दुसऱ्या कोणत्याही उपायाने ते काम होत नव्हते. १९१६ मध्ये ते कंपनीचे सर्वोच्च व्यवस्थापक झाले आणि १९१७ मध्ये व्हिएन्नाच्या ज्या तांत्रिक विद्यापीठात त्यांनी चोरून व्याख्याने ऐकली होती, त्याच विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

श्टुटगार्ट आणि स्वतंत्र व्यवसाय

महायुद्धानंतर साम्राज्याचे विघटन झाले व पोर्शे यांनी चेकोस्लोव्हाकियाचे नागरिकत्व स्वीकारले. कंपनीशी मतभेद झाल्याने १९२३ मध्ये ते श्टुटगार्टला डाइमलर कंपनीत गेले. १९२४ मध्ये त्यांच्या मर्सिडीज मोटारगाडीने सिसिलीतील तार्गा फ्लोरिओ ही शर्यत जिंकली. लहान, हलकी आणि सामान्य माणसाला परवडणारी मोटारगाडी काढावी, हा त्यांचा आग्रह कंपनीला मानवला नाही. १९२९ मध्ये ते ऑस्ट्रियातील श्टायर कंपनीत गेले, परंतु जागतिक मंदीमुळे तेथेही त्यांचा जम बसला नाही.

एप्रिल १९३१ मध्ये पोर्शे यांनी श्टुटगार्टमध्ये स्वतःची संकल्पन संस्था नोंदवली. या संस्थेत त्यांचे जावई अँटोन पीएख आणि शर्यतपटू अडोल्फ रोझेनबर्गर हे भागीदार होते. त्याच वर्षी पीळ घेणाऱ्या दांड्यांवर आधारलेल्या लवचीक झुलणीसाठी त्यांनी पेटंटचा अर्ज केला. ही रचना पुढे अनेक मोटारगाड्यांत वापरली गेली. ज्यूवंशीय रोझेनबर्गर यांना १९३५ मध्ये आपला हिस्सा सोडावा लागला. त्याच वर्षी त्यांना अटक होऊन छळछावणीत डांबण्यात आले आणि नंतर त्यांना देश सोडावा लागला. संस्थेच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला दीर्घकाळ उपेक्षाच आली.

लोकांची मोटारगाडी आणि नाझी राजवट

१९३३ मध्ये अडोल्फ हिटलर सत्तेवर आला. सामान्य कुटुंबासाठी स्वस्त मोटारगाडी ही कल्पना त्याच्या प्रचाराला उपयोगी होती. पोर्शे यांना आपल्या जुन्या स्वप्नासाठी आश्रयदाता हवा होता. जून १९३४ मध्ये जर्मन मोटार उद्योगाच्या संघटनेने अशा मोटारगाडीच्या संकल्पनाचे काम पोर्शे यांच्याकडे सोपवले. इंजिन मागे, ते हवेने थंड होणारे आणि गोलसर बांधा अशी तिची रचना ठरली. अशाच प्रकारच्या रचनेवर चेकोस्लोव्हाकियातील टाट्रा कंपनीचे अभियंते हान्स लेडविंका आधीपासून काम करीत होते. त्यावरून उद्भवलेला वाद फोक्सवॅगन कंपनीने १९६५ मध्ये भरपाई देऊन मिटवला.

मे १९३८ मध्ये आज वोल्फ्सबुर्ग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी कारखान्याची कोनशिला बसवण्यात आली. आठवड्याला पाच मार्क साठवून मोटारगाडी घेण्याच्या योजनेत तीन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरले. युद्ध सुरू झाल्यावर कारखाना लष्करी वाहने बनवू लागला आणि या बचतदारांपैकी एकालाही युद्धसमाप्तीपर्यंत मोटारगाडी मिळाली नाही. पोर्शे १९३७ मध्ये नाझी पक्षाचे सदस्य झाले होते आणि एसएस या संघटनेचे मानद पदही त्यांना देण्यात आले. कारखान्याच्या कारभारात ते आणि त्यांचे जावई अग्रभागी होते. युद्धकाळात या कारखान्यात सुमारे २०,००० लोकांना सक्तीने राबवण्यात आले. त्यांत युद्धकैदी, पोलंड व सोव्हिएत संघातून पकडून आणलेले स्त्रीपुरुष आणि छळछावण्यांतील कैदी होते. सक्तीने राबणाऱ्या स्त्रियांची तान्ही मुले आईपासून दूर करून कारखान्याच्या शिशुगृहात ठेवली जात. तेथे उपासमार आणि रोगराईने शेकडो अर्भके दगावली. कारखान्याच्या डॉक्टरला त्यासाठी युद्धानंतर फाशी देण्यात आली.

रणगाडे आणि संकरित तत्त्वाचा दुसरा पराभव

दुसऱ्या महायुद्धात पोर्शे यांनी आपले जुने तत्त्व रणगाड्यासाठी वापरले. ‘टायगर’ या अवजड रणगाड्याच्या त्यांच्या नमुन्यात दोन पेट्रोल इंजिने जनित्रे फिरवीत आणि त्या विजेवर चालणारी चलित्रे रणगाड्याचे पट्टे फिरवीत. गिअर बदलण्याची कटकट नव्हती आणि वळणे घेणे सोपे होते. परंतु इंजिने तापून बंद पडत, यंत्रणा फार जड होती आणि तिला लागणारे तांबे युद्धकाळात दुर्मीळ होते. १९४२ मधील चाचण्यांनंतर हेन्शेल कंपनीचा साधा यांत्रिक रचनेचा नमुना निवडण्यात आला. पोर्शे यांच्या नमुन्याचे सुमारे ९० सांगाडे इंजिने बदलून रणगाडाभेदी वाहनांसाठी वापरण्यात आले. त्यांना पोर्शे यांच्यावरून ‘फर्डिनांड’ हे नाव पडले. जुलै १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईत ही वाहने उतरली. यानंतरचा ‘माउस’ हा रणगाडा सुमारे १८८ टन वजनाचा होता. त्याचेही दोनच नमुने होऊ शकले.

कैद आणि अखेरचे दिवस

युद्धसमाप्तीनंतर पोर्शे काही काळ नजरकैदेत होते. डिसेंबर १९४५ मध्ये फ्रेंच अधिकाऱ्यांनी त्यांना व पीएख यांना युद्धगुन्ह्यांच्या आरोपांवरून अटक केली. फ्रान्समधील कैदेत असताना रेनो कंपनीच्या नव्या लहान मोटारगाडीबाबत त्यांचा सल्ला घेण्यात आला. दिजों येथील तुरुंगवासात त्यांची प्रकृती खालावली. पुत्र फेरी यांनी एका इटालियन उद्योजकासाठी शर्यतीची मोटारगाडी संकल्पित केली आणि त्या उत्पन्नाचा आधार घेऊन जामिनाची रक्कम भरली. ऑगस्ट १९४७ मध्ये पोर्शे यांची सुटका झाली आणि पुढे न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. सक्तीच्या मजुरीबद्दल त्यांच्यावर स्वतंत्र खटला कधीच चालला नाही.

दरम्यान फेरी यांनी ऑस्ट्रियातील ग्म्युंड येथे पोर्शे नावाची पहिली मोटारगाडी १९४८ मध्ये सिद्ध केली. त्याच वर्षी झालेल्या करारानुसार प्रत्येक बीटलमागे पोर्शे संस्थेला मानधन मिळू लागले. नोव्हेंबर १९५० मध्ये पोर्शे यांनी वोल्फ्सबुर्गच्या कारखान्याला भेट दिली. त्यानंतर लवकरच त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ३० जानेवारी १९५१ रोजी श्टुटगार्ट येथे त्यांचे निधन झाले. ऑस्ट्रियातील त्सेल आम झे येथे त्यांचे दफन करण्यात आले. त्यांनी संकल्पिलेल्या बीटलचे उत्पादन २००३ पर्यंत मेक्सिकोत चालू होते व तोवर दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक मोटारगाड्या तयार झाल्या होत्या.

संकरित मोटारगाड्यांचे पुनरागमन

पोर्शे यांच्या एकसरी तत्त्वाला रस्त्यावर यश मिळाले नाही, पण रुळांवर मिळाले. डिझेल-विद्युत रेल्वे इंजिनात डिझेलचे इंजिन जनित्र फिरवते आणि त्या विजेवर चाकांना जोडलेली चलित्रे चालतात. भारतीय रेल्वेची डिझेल इंजिने याच पद्धतीची आहेत. प्रचंड भार हळूहळू हलवायचा असेल तेव्हा ही रचना किफायतशीर ठरते. जड यंत्रणेचे वजनही तेथे अडचण न ठरता रुळांवरील पकडीला उपयोगी पडते.

मोटारगाड्यांच्या क्षेत्रात संकरित तत्त्वाकडे पुन्हा लक्ष गेले ते १९७३ च्या तेलटंचाईनंतर. अमेरिकेने १९७६ मध्ये विद्युत व संकरित वाहनांच्या संशोधनासाठी कायदा केला. खरा बदल डिसेंबर १९९७ मध्ये झाला. त्या महिन्यात जपानच्या टोयोटा कंपनीने ‘प्रियस’ ही मोटारगाडी विक्रीस आणली. तिच्यात एकसरी व समांतर या दोन्ही रचनांचा मिलाफ होता. कोणत्या क्षणी इंजिन आणि कोणत्या क्षणी चलित्र वापरायचे, हे संगणक ठरवीत असे. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा विजेच्या रूपाने बॅटरीत परत साठवली जाई. सेंपर विवुसमध्ये संगणकीय नियंत्रण नव्हते आणि हलकी बॅटरीही नव्हती. जानेवारी २०१७ पर्यंत टोयोटाने विकलेल्या संकरित मोटारगाड्यांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली. पोर्शे कंपनीनेही २०१० मध्ये ‘कायेन’ या मोटारगाडीची संकरित आवृत्ती काढली आणि २०११ मध्ये सेंपर विवुसची चालती प्रतिकृती लोकांसमोर आणली.

या मोटारगाड्यांच्या मूल्याविषयी मात्र एकमत नाही. शहरातील थांबत-थांबत होणाऱ्या वाहतुकीत त्या इंधन वाचवतात, लहान बॅटरीवर भागवतात आणि त्यांना भारण केंद्राची गरज नसते, असे समर्थक मांडतात. दोन यंत्रणांचे ओझे आणि खर्च एकाच वेळी सोसावा लागतो, महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना फायदा कमी होतो आणि अखेरीस जाळले जाते ते इंधनच, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. जादा किंमत इंधनाच्या बचतीतून किती वर्षांत वसूल होईल, हे रोजच्या धावेवर अवलंबून असते. बाहेरून भारता येणाऱ्या संकरित मोटारगाड्यांचा प्रत्यक्ष इंधनखर्च चाचणीतील आकड्यांपेक्षा बराच अधिक असल्याचे युरोपात आढळले आहे, कारण अनेक मालक त्या नियमितपणे भारीत नाहीत.

भारतात हा वाद करांच्या रूपाने प्रकट झाला. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा संकरित मोटारगाड्यांवर उपकरासह ४३ टक्के कर बसला. केवळ विजेवर चालणाऱ्या वाहनांवरील कर ऑगस्ट २०१९ मध्ये ५ टक्क्यांवर आणला गेला. संकरित मोटारगाडी ही विद्युत वाहनाकडे जाणारी पायरी मानावी की पेट्रोल मोटारगाडीचाच एक प्रकार मानावा, हा त्यामागील मूळ प्रश्न होता.

मूल्यमापन

१९९९ मध्ये पोर्शे यांची शतकातील सर्वोत्तम मोटार अभियंता म्हणून मरणोत्तर निवड झाली. त्यांच्या जन्मगावी मात्र त्यांचा गौरव वादाचा विषय ठरला. नाझी राजवटीशी असलेल्या संबंधांमुळे नागरिकांनी आक्षेप घेतल्यावर व्रातिस्लावित्से येथे त्यांचे जन्मस्थान म्हणून लावलेल्या पाट्या २०१३ मध्ये काढण्यात आल्या.

संकरित तत्त्वाचा त्यांनी केलेला पाठपुरावा जवळजवळ अर्धशतकाचा आहे. तोफा ओढणाऱ्या रस्त्यावरील आगगाडीत ते उपयोगी पडले, तर श्रीमंतांच्या मोटारगाडीत व रणगाड्यात फसले. यावरून संकरित यंत्रणा स्वतःहून चांगली किंवा वाईट नसते, हे दिसते. तिचे मूल्य भार, रस्ता, बॅटरीचे वजन आणि पर्यायी साधनाची किंमत यांवर ठरते. पोर्शे यांनी यंत्राच्या कार्यक्षमतेचा विचार आयुष्यभर बारकाईने केला. ते यंत्र कोणासाठी आणि कोणाच्या श्रमांवर घडते आहे, हा प्रश्न मात्र त्यांनी बाजूला ठेवला. त्यामुळे सेंपर विवुसचा संकल्पक आणि सक्तीच्या मजुरांच्या कारखान्याचा चालक या दोन्ही नात्यांनी त्यांची नोंद घेतल्यावाचून त्यांचे चरित्र पूर्ण होत नाही.